दादाचं पान

"येऊन राहिली, बाई. काहून घाई करता?"

कळमनुरीच्या बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीतून हे वाक्य मी नोकरीभर ऐकलं. औंढ्याच्या गाडीचा पत्ता नसायचा, शाळेची घंटा माझ्या डोक्यात वाजायला लागलेली असायची, आणि आत बसलेले आमचे कंट्रोलर काका शांतपणे सांगायचे, येऊन राहिली. गाडी नादुरुस्त होऊन वाटेत पडली आहे, हे खुद्द तिचा कंडक्टर येऊन सांगून गेला तरी यांच्या तोंडून 'रद्द' हा शब्द निघत नसे. एकदा एक पैलवानी गृहस्थ खिडकीवर हात आपटून म्हणाले, "मग आमी इथंच मुक्काम करावं का?"

"करा की. पंखा चालू हाय," काका म्हणाले.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. वरून गार, आतून सतत उकळणारी. काका आमच्याच गल्लीत राहायचे. माझी परतीची गाडी उशिरा आली की ड्यूटी संपूनही हे स्टँडच्या फाटकात उभे. मी उतरले की "आलात ना?" एवढंच विचारायचे आणि सायकलवर टांग टाकून निघून जायचे. काकू माहेरी हट्ट्याला गेल्या की पोचल्याचा फोन येईपर्यंत यांच्या घशाखाली चहा उतरत नसे. माझा नवरा त्यांना हवामान खातं म्हणायचा. आकाश निरभ्र असलं तरी यांचा इशारा तयार.

या काळजीचं मूळ मला काकूंनी सांगितलं. काकांचा थोरला भाऊ हवाई दलात लढाऊ विमान चालवायचा. खेड्यातलं पोरगं विमान चालवतं याचं गावाला इतकं अप्रूप, की वरून कुठलंही विमान गेलं तरी लोक याच्या नावानं हात हलवायचे. एकाहत्तरच्या लढाईत त्यानं एके दिवशी विमान उडवलं आणि ते परत आलं नाही. विमान सापडलं नाही, तोही सापडला नाही. आधी बेपत्ता म्हणाले. पुढे साहेब लोक घरी येऊन सांगून गेले, की आता तो गेला असं समजा. काका तेव्हा शाळेत होते. त्यांच्या आईनं साहेबांना चहा दिला आणि म्हणाली, "तुमी समजा. मी न्हाई समजत."

तिनं धाकट्याला शपथ घातली. मी सांगितल्याबिगर दादाचं पान वाढायचं न्हाई. आणि काही न सांगताच ती एक दिवस गेली.

पान म्हणजे पितरांचं. आमच्याकडे पितृपंधरवड्यात घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं पानं वाढतात आणि एकेका पानावर एकेक जितं माणूस जेवायला बसवतात. काकांकडे सर्वपित्री अमावास्येला वडिलांच्या जागी गल्लीतले एक म्हातारे मुसलमान भाईसाहेब बसायचे. काका देशमुख. देशमुखांच्या पंगतीत पितर म्हणून भाईसाहेब कसे, असं कुणी विचारलं तर ते म्हणायचे, माझ्या बापाचे दोस्त होते, त्याला चालतंय. आणि आईच्या जागी दरवर्षी मला बोलावणं. पहिल्या वर्षी माझ्याहून वयानं मोठा माणूस पाया पडला तेव्हा मला हसू फुटलं. काकूंनी डोळे वटारले. "हसू नका. आज तुमी माझ्या सासू हाव."

मला त्या सासूपणाची मग सवय झाली. खीर चांगली झाली नाही असंही मी हक्कानं सांगू लागले.

काका निवृत्त झाले तशी त्यांची काळजी मोकळी सुटली. मागे एकदा सीमेवर तणाव वाढला, तेव्हा टीव्हीवर दिवसभर विमानं घिरट्या घालत होती. गल्लीतली पोरं जोरात होती. काका आमच्या ओट्यावर येऊन बसले आणि म्हणाले, "हे लोक विमान उडालेलं दाखवतेत. उतरलेलं काहून दाखवत न्हाईत?"

नंतर त्यांच्या छातीत दुखायला लागलं. नांदेडच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. अमावास्या झाली की भरती व्हायचं ठरलं. ऑपरेशनची भीती त्यांना नव्हती. भीती वेगळीच होती आणि ती त्यांना खाऊ देत नव्हती, झोपू देत नव्हती.

"बाई, मी गेल्यावर दादाला कोण वाढंल? माझ्या पोरींसाठी तो निसता फोटोतला माणूस. इतकी वरसं उपाशी असंल तर?" मग जरा थांबून म्हणाले, "अन् वाढावं तर मीच त्याला मारल्यावाणी व्हतं."

मी म्हणाले, ऑपरेशन बराबर होईल, तुम्ही स्वतःच पुढे ठरवा. हे शिक्षिकेचं उत्तर होतं. त्यांना त्याचा काही उपयोग झाला नाही.

अमावास्येला मी नेहमीप्रमाणे पाटावर बसले. शेजारी भाईसाहेब. माझा नवरा मला सोडायला आला होता, तो दारात चप्पल घालून उभा. काकांनी माझ्या पायांवर पाणी घातलं, गंध लावलं, डोकं टेकवलं. आणि उठलेच नाहीत.

"आई," ते खाली बघतच म्हणाले, "दादाला वाढू का?"

काकू पळी घेऊन उंबऱ्यात उभ्या राहिल्या. खरं सांगते, त्यांच्या आईला मी कधी पाहिलंही नव्हतं. तिनं जन्मभर जे म्हटलं नाही ते मी कोण म्हणणार? हो म्हणावं तर तिचं लेकरू माझ्या तोंडून मरणार होतं. नाही म्हणावं तर हा माणूस हेच ओझं घेऊन ऑपरेशनच्या टेबलावर जाणार होता. काका, उठा, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण ते माझ्या पायांशी तसेच वाकून होते.

"वाढ, बाळा," मी म्हणाले. "भूक लागली असंल त्याला."

ते उठले. कुणाला हात लावू दिला नाही. पाट स्वतः मांडला, पान स्वतः वाढलं, खीर दोनदा घातली. मग दारात जाऊन माझ्या नवऱ्याचा हात धरला आणि त्याला आणून त्या पाटावर बसवलं. एरवी प्रत्येक गोष्टीवर बोलणारा माझा नवरा मान खाली घालून मुकाट जेवला. काका समोर उकिडवे बसून त्याचा घास न् घास बघत होते. "अजून घे," म्हणत होते. "सावकाश. कुठं जायचं न्हाई आता."

ऑपरेशन झालं, पण काका नांदेडहून घरी आले नाहीत.

काकांच्या वर्षश्राद्धानंतरची यंदाची पहिलीच सर्वपित्री. थोरल्या मुलीनं दोन्ही भावांची पानं शेजारी शेजारी मांडली. दादाच्या पानावर माझा नवरा बसला. काकांच्या पानावर त्यांच्या ओळखीचे एक जुने ड्रायव्हर. समोर आईच्या पानावर मी.

"सुरू करा की," काकू म्हणाल्या. "खीर गार होऊन राहिली."

मी पानाला हात लावला नाही. आधी दोन्ही लेकरं पोटभर जेवली.