टिटवीची अंडी गच्चीवर

झिपरू देवरे १९८१ साली साक्रीकडून सिल्वासाला आला आणि धाग्याच्या कारखान्यात लागला. किलवणीच्या रस्त्याला आठ खोल्यांची चाळ, मागे मोकळा माळ आणि माळाच्या कडेला चाळीची एकच विहीर. फाल्गुन सरला की पावसाळ्यातली हिरवळ इथलीच होती का, असा प्रश्न पडे. साग उघडे पडत, त्यांची पानं पायाखाली पापडासारखी मोडत आणि वैशाखात विहीर तळाला जाई.

शिफ्ट सुटली की झिपरू माळावर फिरे. मोहाची फुलं कधी गळायला लागली, बहावा कधी फुलला, कावळ्याने घरटं शेंड्याला बांधलं की मधल्या फांदीवर, हे सगळं त्याच्या डोक्यात तारखेसह असे. सगळ्यांत जास्त भरवसा टिटवीवर. ती जमिनीवर अंडी घालते. खोलगट जागी घातली तर पाऊस कमी, उंचवट्यावर घातली तर जास्त, असं त्याचे वडील सांगत. पाच वर्षं ते इथेही जुळत आलं होतं. म्हणून दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, चाळीतले पुरुष विहिरीच्या काठावर जमत आणि विहीर आणखी खोदायची का, ते झिपरूला विचारून ठरवत. मुरूम कठीण, ऊन जाळणारं. 'नको' ऐकायला सगळेच उत्सुक असत.

१९८७च्या आखाजीआधी चाळीतले जयवंत सर टीव्हीचा अँटेना फिरवायला गच्चीवर गेले. सर चिपळूणकडचे, सरकारी शाळेत शिकवत. टिटवी किंचाळत त्यांच्या डोक्यावर आली. स्लॅबनंतर उरलेल्या खडीत तिची चार अंडी होती. एवढ्या उंचावर अंडी झिपरूने जन्मात पाहिली नव्हती.

"विहीर राहू द्या," तो आखाजीला म्हणाला. "औंदा काठ बुडेल."

पाऊस जेमतेम झाला. विहीर माघातच आटली. झिपरूची बायको चिमाबाई आणि चाळीतल्या बाकीच्या बाया मैलभर लांबच्या हातपंपावर जाऊ लागल्या.

"तुमनी टिटवीले सांगा, एखादा हंडा तरी उचलाले ये म्हनो," चिमाबाई येता-जाता ऐकवी.

सर झिपरूला म्हणत, "आबा, तुम्ही रेडिओवर हवामान सांगा. चुकलं तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावतात."

चूक कुठे झाली, ते झिपरूला कळत नव्हतं.

१९८८च्या चैत्रात निम्म्या माळावर नव्या कारखान्याची शेड उभी होती. उरलेल्या तुकड्यावर टिटवीची जोडी उतरली, तेव्हा झिपरू बाभळीखाली बसून बघत राहिला. मादीने छाती टेकून मातीत वाटीएवढा खळगा केला, बारीक खडे ओढून आत लावले. तिसऱ्या दिवशी मुरूम दाबणारा रोलर त्यावरून गेला. जोडी संध्याकाळपर्यंत ओरडत घिरट्या घालत होती. आणखी चार दिवसांनी झिपरूने शिडी लावून गच्चीवर डोकावलं. खडीत एक अंडं होतं.

तो शिडीवरच थांबला. गेल्या वर्षी माळ सपाट करायला डोझर आला, तोही आखाजीच्या आधीच. पावसाशी तिच्या वर येण्याचा काही संबंध नव्हता. खाली जागा उरली नव्हती, एवढंच. साक्रीच्या माळावर कोणी रोलर फिरवत नसे, त्यामुळे वडिलांना हा प्रश्न कधी पडलाच नाही.

आखाजीला सगळे काठावर जमले. अंड्यांची बातमी आधीच पसरली होती.

"पुन्हा गच्चीवर ना, आबा? म्हणजे या वर्षी दोन्ही सालांची भरपाई," सर म्हणाले. या वेळी त्यात चेष्टा नव्हती. त्यांनाही कुदळ धरायची नव्हती.

झिपरूने नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. चाळीतला जाणता माणूस म्हणून त्याची जागा राहिली असती, आणि पाऊस झाला असता तर गेल्या वर्षीचंही कोणी काढलं नसतं. पाऊस न झाला तर काय, ते मागे हंडे घेऊन उभ्या असलेल्या बायांना माहीत होतं.

"तिला माळ राहिला नाही, म्हणून ती वर गेली," तो म्हणाला. "गेल्या सालीही तेच झालं. मी चुकलो. पावसाचं मला सांगता येणार नाही. विहीर खोदा."

"मग अंडी वर घातली त्याचं काय?" एकाने विचारलं.

"त्यातून पिल्लं निघतील."

कोणीतरी हसलं. मागून चिमाबाईचा आवाज आला, "हाई सांगाले एक वरीस लागनं?"

पाच रविवार आठ घरांतली माणसं आळीपाळीने खाली उतरली. पहिली कुदळ झिपरूने मारली. विहीर आणखी साडेचार फूट खोल झाली. त्या वर्षी पाऊस धो धो झाला आणि विहीर काठोकाठ भरली. "आमचे पाच रविवार गेले की हो, आबा," असं सर पोळ्यापर्यंत म्हणत राहिले.

पुढच्या वैशाखात चाळीतलं कोणी हातपंपावर गेलं नाही. आखाजीला झिपरूला कोणी काही विचारलंही नाही. सरांनी विहिरीत दोरी सोडून पाण्याची खोली मोजली आणि फुटांत सांगितली. झिपरू इतरांसारखाच काठावर उभा राहून ऐकत होता.