आपट्याच्या फांद्या बंद

"यंदा फांद्या नाय भेटणार, बाई," जानकीबाई म्हणाली. दसरा आठ दिवसांवर आला होता आणि कारखान्यातल्या तीनशे कामगारांना वाटायचं सोनं दरवर्षी तीच आणायची.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मुलुंडच्या कारखान्यात मी परचेस ऑफिसर होते. जानकीबाई डोंगराकडच्या पाड्यातली. तिला रिपीट ऑर्डर जायची, म्हणजे नवी कोटेशन्स न मागवता गेल्या वर्षीचाच माल त्याच माणसाकडून.

मी कारण विचारलं. फांद्या तोडून तोडून झाडांची खुंटं झाली होती. शेंगाच धरेनात, तर नवं झाड कुठून येणार? म्हणून पाड्यातल्या सहा बायकांनी उरल्यासुरल्या शेंगांचं बी दुधाच्या पिशव्यांत लावून रोपं वाढवली होती. पूजेपुरती पानं हाताने खुडून देऊ, बाकी माणशी एक रोप घ्या, असं तिचं म्हणणं. ऑर्डर हातची गेली असती तर सहा घरांची दिवाळी बुडाली असती. तरी ती फांदीला कोयता लावायला तयार नव्हती. मला ती बाई एकदम आवडली.

वर्क्स मॅनेजरना नाही आवडली. कामगार सोनं मागतील, कुंड्या नाहीत, असं म्हणून त्यांनी घाटकोपरच्या एका व्यापाऱ्याला ऑर्डर टाकायला सांगितलं.

टाकली. ऑर्डरवर ठळक लिहिलं: आपटा. आणि जानकीबाईची रोपं लोकल परचेसमध्ये मागवली. ती छोटी खरेदी माझ्या एकटीच्या सहीने व्हायची.

पूजेच्या सकाळी व्यापाऱ्याचा टेम्पो आला. रोपं घेऊन आलेल्या जानकीबाईने त्यातलं एक पान उचललं, बघितलं आणि टाकून दिलं. कांचन होतं. दिसायला तसंच जोडपान, पण मोठं आणि पातळ. मुंबईत आपटा म्हणून सर्रास खपतं. मी तिथेच रिजेक्शन स्लिप फाडली. मागवलेला माल हा नाही, परत न्या.

मॅनेजर धावत गेटवर आले. "पाटणकरबाई, पानाकडे कोण बघतंय?"

"मी बघतेय, साहेब. बोल्टच्या जागी खिळे आले तर तुम्ही घ्याल का?"

टेम्पो परत गेला. मशीनवर जानकीबाईची खुडलेली पानं वाहिली आणि सुट्टी झाल्यावर कामगारांनी रोपं नेली. काहींनी नाकं मुरडली. एक मालवणी फिटर मात्र म्हणाला, "बाई, ह्यां झाड मी गावाक नेतलंय."

मला मेमो मिळाला. उत्तरात मी रिजेक्शन स्लिपची कॉपी जोडली. पुढच्या वर्षी रोपांचीच रिपीट ऑर्डर काढली आणि शेजारच्या दोन कारखान्यांनीही जानकीबाईला बोलावलं.

स्वस्त काय, महाग काय, हे परचेसमध्ये सगळेच बघतात. हा माल पुढच्या वर्षी शिल्लक राहील का, हे मी विचारायला लागले. रिटायर होईपर्यंत एकाही साहेबाला तो प्रश्न आवडला नाही, आणि मी तो विचारायची थांबले नाही.