मापाचा ब्लाउज

लोक प्रवासाला निघताना स्वेटर घेतात, गोळ्या घेतात, डब्यात दशम्या घेतात. मी निघताना फक्त एक स्कार्फ घेतला, आणि तो बांधायला आरशासमोर इतका वेळ लावला की शेजारच्या काकूंचं पाणी भरून झालं. वाळूज ते गुलमंडी हे अंतर रोज हजारो माणसं शेअर रिक्षात गुडघे आखडून कापतात, त्यावर कुणी चार ओळी लिहीत नाही. मला मात्र ते कापायला जवळजवळ निम्मं आयुष्य लागलं, म्हणून लिहिते आहे.

घरात मी थोरला मुलगा म्हणून वाढले. रेवती हे नाव माझं मीच ठेवून घेतलं, त्यालाही आता काही वर्षं झाली. घरचं कुणी त्या नावानं हाक मारत असेल तर तो धाकटा भाऊ दत्ता, आणि तोही फोनवर. आई फोनवर येत नाही. पण दत्ता बोलत असताना त्याच्या मागे उभी राहून, मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, भांड्यांशी बोलते.

तर दत्ताला मुलगी झाली, आणि त्याचा फोन आला.

"बारशाला ये."

"काय म्हणून येऊ?"

"आत्या म्हणून. दुसरं काय म्हणून? आई म्हणती, नाव आत्यानंच ठेवायचं असतं. अन् साडी नेसून ये. शर्ट-पँट घालून येशील तर बाया बोलतेत."

"आई म्हणती?"

"व्हय. आईच म्हणती."

मागे भांडी वाजत नव्हती, हे मला आठवतं.

फोन ठेवला आणि आनंद व्हायच्या आधी हिशोब सुरू झाला. साडी म्हणजे दुकान आलं. मी वाळूजला एका कंपनीत तयार पार्टची मापं तपासते. तिथे सगळ्यांना एकच गणवेश, त्यामुळे कपड्यांचा प्रश्नच येत नाही. सुट्टीचे कपडे मी पार्सलनं मागवायचे. बसले तर बसले, नाही बसले तर पेटीच्या तळाशी. नेसायला मी मोबाइलवर बघून शिकले होते, तेही दार लावून, चादरीच्या निऱ्या करून. पण चादर नेसून बारशाला जाता येत नाही. साडी हवी होती, तिच्यावर अंगाला बसणारा ब्लाउज हवा होता, आणि ते नसतील तर पाळण्यापाशी उभं राहणं नव्हतं. ओव्हरटाइम लागलाय म्हणून सांगून टाकावं, असं दोन दिवस मनात घोळवलं. मग स्कार्फ बांधला.

या स्कार्फबद्दल बाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. आमच्याकडे ऑक्टोबरातही ऊन डोकं फोडतं, आणि गाडीवरच्या मुली डोळे तेवढे उघडे ठेवून सगळं तोंड स्कार्फनं गुंडाळतात. कोण कुणाची, सख्ख्या बापाला ओळखू येत नाही. या उन्हाचे माझ्यावर उपकार आहेत. कुर्ता, ओढणी आणि स्कार्फ एवढं केलं की मी रस्त्यावरच्या शंभरजणींतली एक होते. फक्त आवाज स्कार्फमध्ये गुंडाळता येत नाही. म्हणून रिक्षावाल्यानं "कहाँ छोडू दीदी?" विचारलं तेव्हा मी नुसता पुढे हात दाखवला.

नगर नाका गेला, छावणीतली झाडं गेली. दुकानांच्या पाट्यांवर शहराचं नवं नाव होतं आणि माझ्या शेजारच्या आजोबांच्या तोंडात जुनं. नाव बदललं की लोकांच्या जिभेवर बसायला वेळ लागतो, हे या शहराला मी वेगळं सांगायला नको. त्या विचारानं मला जरा धीर आला. तो पैठण गेटपर्यंत टिकला.

पैठण गेटला काचेच्या दाराचं एक मोठं रेडिमेड दुकान दिसलं. तिथे कुणाशी बोलावं लागत नाही, आपलं आपण हँगर सरकवायचे, असा माझा हिशोब. दारातल्या रखवालदारानं माझ्या उंचीकडे पाहिलं, मग पायांकडे पाहिलं आणि अगदी मदत केल्याच्या सुरात म्हणाला, "जेन्ट्स वरच्या मजल्यावर."

त्यात टोमणा नव्हता. असता तर मला राग तरी आला असता. मी मान हलवली, आत गेल्यासारखं केलं आणि तशीच बाहेर पडले. कोपऱ्यावरच्या रसवंतीत बसले आणि स्कार्फच्या खालून नळी घालून रस प्यायले. निम्मा रस कुर्त्यावर सांडला. समोरून वाळूजच्या रिक्षा जात होत्या आणि प्रत्येकीत एक जागा रिकामी दिसत होती. खरं सांगते, मी उठून एकीला हातही केला होता. ती थांबली नाही, एवढंच.

मग गुलमंडीकडे चालत राहिले आणि एका जुन्या साडीच्या दुकानासमोर आले. आत जमिनीवर गादी, पांढरी चादर, आणि पायरीवर बायकांच्या चपलांची रांग. मी माझ्या त्या रांगेत काढल्या. सगळ्यांत मोठ्या माझ्याच होत्या. "बहिणीला घ्यायचीय," हे वाक्य जिभेवर तयार होतं.

गादीवर पांढऱ्या मिशांचे एक काका साड्यांच्या घड्या घालत होते.

"साडी दाखवा," मी म्हणाले.

आवाज ऐकून त्यांनी वर पाहिलं. नजर क्षणभर माझ्यावर राहिली. मग त्यांनी घडी बाजूला ठेवली.

"बसा ताई. काय हाय, लगीन का बारसं?"

"बारसं."

"मावशी का आत्या?"

बहिणीचं वाक्य जिभेवरच राहिलं. "आत्या," मी म्हणाले. हा शब्द मी माझ्यासाठी पहिल्यांदाच मोठ्यानं उच्चारला होता.

"मग हलकं नाय चालायचं," काका म्हणाले आणि फळीवरून भराभर साड्या खाली येऊ लागल्या. मोरपंखी, जांभळी, डाळिंबी. गादीवर ढीग झाला. मी हात लावायचीसुद्धा चोरी असल्यासारखी बसले होते.

"स्कार्फ काढा ना. रंग चेहऱ्याला लावून बघावा लागतो."

मी मान हलवली. नको.

काकांनी आग्रह केला नाही. ते उठले आणि साडीच्या दुकानातले लोक पिढ्यान्‌पिढ्या करत आलेत तेच त्यांनी केलं. डाळिंबी साडी उलगडून स्वतःच्या शर्टावर लावली. कमरेला निऱ्या धरल्या, पदर खांद्यावर टाकला, एक हात जरा लांब करून काठ दाखवला. वर पांढऱ्या मिशा, खिशाला पेन, आणि अंगावर डाळिंबी साडी.

मी श्वास धरून बसले. आता कुणीतरी हसणार. माझ्या शेजारी दोघी जावा बसल्या होत्या, भाचीच्या लग्नाचा बस्ता बांधायला आलेल्या. त्यातली थोरली म्हणाली, "भाऊ, जरा वळा की. पाठीवर कसा पडतोय बघू द्या."

काका वळले. दोघींनी गंभीरपणे पाठ पाहिली. कुणी हसलं नाही. काका दिवसातून कितीदा तरी असे वळत असतील आणि कुणीच हसत नसेल. लहानपणी आईचा पदर असाच खांद्यावर टाकलेला असताना घरात काय झालं होतं, ते मी इथे लिहीत नाही. एवढंच सांगते की ज्या गोष्टीनं आभाळ कोसळेल असं मी जन्मभर धरून चालले होते, ती गुलमंडीत भर दुपारी चालली होती आणि बायका काठ बघत होत्या. मला रडू आलं आणि स्कार्फ ओला झाला, म्हणून तो काढावाच लागला.

काकांनी पदर माझ्या खांद्यावर टाकला आणि आरसा पुढे केला.

"जांभळी नको बरं ताई," धाकटी जाऊ माझ्याकडे बघून म्हणाली, "तसली माझ्याकडं हाय. धुतली की रंग जातो. हीच घ्या. लई खुलून दिसती तुम्हाला."

मी तीच घेतली. बाहेर पडले तेव्हा स्कार्फ पिशवीत होता आणि भूक अशी लागली होती की जणू सकाळपासूनची नाही, वर्षानुवर्षांची. सिटी चौकाच्या बाजूला जाऊन नान खलिया (हळदीच्या रंगाची मोठी रोटी आणि मटणाचा पातळ, झणझणीत रस्सा) खाल्लं. चारचौघांत उघड्या तोंडानं, बोटं चाटत. समोरच्या टेबलावरचे दोघे माझ्याकडे बघत होते. बघू देत म्हटलं, आणि आणखी रस्सा मागितला.

ब्लाउजसाठी काकांनी उस्मानपुऱ्यातल्या एका आपांचा पत्ता दिला होता. एका गल्लीत, घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं मशीन होतं. डोक्यावर ओढणी, नाकाच्या टोकावर चष्मा. साडीतलं ब्लाउजपीस हातात घेऊन त्या म्हणाल्या, "अच्छा है. माप का ब्लाउज लाए?"

इथे मी अडकले. बायका शिंप्याकडे जाताना जुना, नीट बसणारा एक ब्लाउज मापाला नेतात. मी हे ऐकून होते, पण ध्यानातच आलं नव्हतं. ध्यानात येऊन तरी कुठून आणणार होते?

"नाही आणला."

"सब भूलते. कल लाओ." त्यांचा पाय पुन्हा मशीनवर चालू झाला.

"विसरले नाही आपा. माझ्याकडे नाहीच. हा पहिलाच आहे."

मशीन थांबलं. चष्म्यावरून त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. त्या काय म्हणतील याची सगळी वाक्यं मला पाठ होती, कुठली ना कुठली मी आधी ऐकलेलीच होती.

"पहिला," त्या म्हणाल्या. "हौ, तो फिर अंगावरूनच घेना पडेगा. अंदर आओ."

पडद्यामागे खाट, कपाट आणि खिडकीतून येणारं ऊन. मी दिवसभर दुसऱ्या वस्तूंची मापं घेते, पण माझ्या अंगाला टेप लागली ती पहिल्यांदा. मी पोट आत ओढून काठीसारखी उभी राहिले.

"सांस छोडो," आपा म्हणाल्या. "ऐसे माप दिया तो बारसे में फटेगा."

मला हसू फुटलं आणि श्वास सुटला.

"खांदे फार रुंद आहेत ना?"

"मेरी सगी बहन के इससे चौडे. तीन बच्चों को दोनों खांदों पर बिठाती थी. बाही कोपरापर्यंत घेऊ, चांगली दिसंल." मग टेप छातीवर आली आणि मी खिडकीकडे बघायला लागले. आपांचा हात थांबला नाही. "यहाँ अस्तर में कप डालती. आधे शहर को डालती मैं, किसी को बताती नहीं."

निघताना त्यांनी बजावलं, "ये ब्लाउज फेंकना नक्को. जपून ठेवो. अगली बार इसीपे से सिलूँगी. बार-बार कपडे उतारने को कायकू बोलना तुमको."

बारशाच्या सकाळी काळीपिवळी जीप दौलताबादच्या किल्ल्याखालून निघाली तेव्हा रस्त्याच्या कडेला सीताफळांच्या पाट्या मांडल्या होत्या. एक पाटी घेतली, मांडीवर धरली. घाट चढून खुलताबाद मागे पडलं, आमच्या गावचा फाटा आला, आणि उतरताना निऱ्या चपलेत अडकून मी सीताफळांसकट रस्त्यावर बसले. माझं पहिलं साडीतलं आगमन हे असं झालं. दत्ता मोटारसायकलवर न्यायला आला होता. तो हसता हसता फळं गोळा करत म्हणाला, "चल, ऊठ अक्के."

अंगणात बायका जमल्या होत्या. आई दारात आली. तिनं माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग पायऱ्या उतरून आली, माझ्यापुढे खाली बसली आणि अडकून वर गेलेल्या निऱ्या एकेक करून पायापर्यंत ओढल्या.

"इतकी वर नेसतेत का?" ती म्हणाली. "आत चल. पाळणा खोळंबलाय."

इतक्या वर्षांत भांड्यांना न सांगता तिनं मला सांगितलेलं हे पहिलं वाक्य.

आमच्याकडे आत्यानं पाळण्यातल्या बाळाच्या कानात "कुर्रर्र" करून नाव सांगायचं, आणि त्याच वेळी जमलेल्या बायकांनी आत्याच्या पाठीत बुक्के घालायचे, अशी रीत आहे. मी वाकले. भाचीच्या कानाला दुधाचा वास होता. "कुर्रर्र... जाई," मी म्हणाले आणि डोळे मिटून थांबले. काहीच झालं नाही. मागे बायका उभ्या होत्या, पण हात लावावा की नाही, हे त्यांना कळत नव्हतं. तेवढा वेळ मला फार लांब वाटला.

मग पाठीत असा बुक्का बसला की मी पाळण्याची दोरी धरली. वळून पाहिलं तर आई. डोळ्यांत पाणी आणि मूठ पुन्हा वळलेली. त्यानंतर मात्र सगळ्या तुटून पडल्या. एकीनंही हात राखून मारला नाही, आणि आपांची शिलाई एका टाक्यानंही उसवली नाही.

परतीच्या जीपमध्ये मला पाठ टेकवता येत नव्हती. मांडीवर आत्याच्या मानाची हिरवी साडी होती, वहिनीनं ओटी भरून दिलेली. बाहेर किल्ल्यावर संध्याकाळचं ऊन होतं आणि मी कुणाला न दाखवता पाठीवरचा दुखरा भाग हातानं चाचपत होते. जगात याहून लांबचे प्रवास करणारे लोक आहेत. त्यांना पाठ दुखल्याचा इतका आनंद झाला असेल असं वाटत नाही.

पुढच्या सुट्टीला उस्मानपुऱ्यात गेले. ऊन होतं, तरी स्कार्फ घरीच राहिला. आपांनी मशीनवरून मान वर केली नाही, हिरवं ब्लाउजपीस हातात घेतलं आणि सगळ्या बायकांना विचारतात तेच विचारलं.

"माप का ब्लाउज लाए?"

"हौ आपा," मी म्हणाले, "आणलाय."