मासोळ्यांचा श्रावण

माझा धाकटा भाऊ गेला तेव्हा त्याच्या मागे बायको नव्हती, लेकरू नव्हतं. होती एक भली मोठी काचेची टाकी आणि तिच्यात दोन मासोळ्या, दोन्ही मिशावाल्या. एकीला दुकानदार शार्क म्हणून विकतात. शार्क-बिर्क काही नाही ती; चंदेरी अंगाची, एवढी घाबरट की दार जोरात लावलं तरी काचेवर डोकं आपटून घ्यायची. दुसरा रेडटेल. काळी पाठ, पांढरं पोट, लालभडक शेपटी आणि तोंड असं की मायचा वरणाचा वाडगा आत मावावा. दिवसभर तळाशी पसरलेला असायचा. लग्नाचा विषय काढला की भाऊ म्हणायचा, आधी या दोघांचा संसार नीट चालू दे, मग माझं बघू.

आदिलाबादेत त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. टाकी तिथेच होती. पोटाचं दुखणं निघालं काय, दवाखान्यात भरती केलं काय, आणि तो गेला काय, आम्हाला धड रडायलाही सुचलं नाही. दुकान रिकामं करायची वेळ आली तेव्हा बाबांनी टेबल, खुर्च्या, काउंटर सगळं देऊन टाकलं आणि टाकी तेवढी टेम्पोत घालून गुडीहत्नूरला घरी आणली. मासोळ्या पाण्याच्या ड्रममध्ये. कापूस भरून ठेवायच्या खोलीत टाकी मांडली, पाण्यात हवा सोडणारी मोटर लावली.

पूर्वी माय या मासोळ्यांच्या नावानं बोटं मोडायची. मासोळी पोसायची आणि खायची नाही, हे कसलं याड, असं तिचं म्हणणं. तीच माय आता जेवण झालं की टाकीपुढे जाऊन बसायची. शार्ककडे फारसं लक्ष नाही. सगळा जीव रेडटेलवर. तिनं पाण्यात हात घातला की तो तळ सोडून वर यायचा आणि मिशा तिच्या बोटांना लावायचा. मग ती त्याच्याशी बोलायची. आळशा, उठला का, काल कुठं तोंड लपवून बसला होता, असं भावाशी बोलायची तसंच. मी ऐकलं न ऐकल्यासारखं करायची. भाऊ गेल्यापासून तिला कशाचंच काही वाटत नव्हतं. तो मासा तेवढा जगला पाहिजे, एवढीच तिची आस उरली होती.

या दोन जाती एकत्र ठेवू नको, असं भावाला मासोळ्या पाळणाऱ्या बऱ्याच जणांनी सांगितलं होतं. त्यानं ऐकलं नाही, पण एक शिस्त कधी मोडली नाही. आधी रेडटेलला कोंबडीची कलेजी नाहीतर झिंगे पोटभर खाऊ घालायचे, मग शार्कला दाणे. पोट भरलेला कोणाच्या वाटेला जात नाही, असं त्याचं गणित होतं. बाबाही तसंच करत आले. सगळं सुरळीत चाललं होतं.

मग श्रावण लागला. आमच्या घरी श्रावण कडक असतो. मटणाची भांडी माळ्यावर जातात ती पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीलाच खाली येतात. भाऊ गेल्यानंतरचा हा पहिला श्रावण, त्यामुळे मायनं आणखीच कडक धरला. कलेजी नाही, झिंगे नाही, घराच्या उंबऱ्याच्या आत काहीच येणार नाही, असं तिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

मी भांडले. मी गप्प बसणाऱ्यातली नाहीच. म्हटलं, माय, त्या मुक्या जिवाला काय ठाऊक श्रावण कोणता आन् भादवा कोणता.

ती म्हणाली, "त्याच्या नावानं पाळून राह्यली मी. अन् त्याच्याच मासोळीनं मोडाव का?"

बाबांनी हळूच विचारून पाहिलं, रेडटेलला महिनाभर बैलांच्या हौदात सोडू का, तिथं बाहेरच्या बाहेर खाऊ घालीन. माय म्हणाली, हौद काय दुसऱ्याच्या घरचा आहे का. झालं, बाबा उठून वावरात निघून गेले. ते नेहमी असेच जातात आणि भांडायला मी एकटी उरते.

तिनं त्याला उपाशी ठेवायचं म्हणून ठेवलं नाही, हेही सांगितलं पाहिजे. कणकेत तूप घालून ती गोळ्या वळायची. पनीर आणायला लावायची. वाटाणे उकडून, साल काढून द्यायची. शार्क सगळं गट्टम करायची आणि दिवसेंदिवस गुबगुबीत होत चालली. रेडटेल गोळी तोंडात घ्यायचा आणि थुंकायचा. माय विनवायची, खा रे बापा, थोडं खा. पुढे पुढे त्यानं तळाशी पडणं सोडलं. शार्क जिकडे जाईल तिकडे तो मागे मागे फिरू लागला.

"पाह्य," माय मला कौतुकानं म्हणाली, "दोघायचं कसं जमून राह्यलं."

श्रावणी सोमवार होता. माय सकाळीच महादेवाला गेली होती. बाबांची हाक आली तशी मी कापसाच्या खोलीत धावले. रेडटेलच्या तोंडातून शार्कची शेपटी बाहेर लोंबत होती. अर्धीअधिक आत गेली होती आणि पुढे जात नव्हती. शार्कच्या पंखांना काटे असतात, भ्याली की ताठ उभे राहतात. ते आत जातात, पण ओढून बाहेर निघत नाहीत, घशात रुततात. तो गिळूही शकत नव्हता आणि टाकूही शकत नव्हता.

बाबांनी त्याला ओल्या टॉवेलात धरलं. मी भावाच्या पेटीतली पक्कड आणली आणि जबड्यात घालून एकेक काटा तोडला. मी मायला, श्रावणाला, भावाला, सगळ्यांना शिव्या घालत होते. शार्क निघाली, मेलेली. रेडटेलला पाण्यात सोडलं तर तो तळाशी जाऊन बसला. तोंड मिटत नव्हतं. कल्ल्यांतून लाल धागा निघत होता.

तेवढ्यात माय पूजेचं ताट घेऊन दारात आली. तिनं शार्क पाहिली, त्याला पाहिलं. ताट तिथंच खाली ठेवलं आणि उपाशीपोटी, त्याच पातळावर, रस्त्यावर जाऊन ऑटोत बसली. आम्हाला वाटलं पुन्हा देवळात गेली. ती आदिलाबादच्या मासळीबाजारातून झिंगे घेऊन आली. श्रावणात अंड्याच्या टरफलावरसुद्धा पाय न ठेवणारी बाई. स्वयंपाकघरातल्या रोजच्या विळीवर तिनं ते सोलले, टाकीपुढे बसली आणि कोपरापर्यंत हात पाण्यात घातला.

त्यानं झिंग्याला मिशा लावल्या. पण घशाखाली काही उतरण्यासारखं राहिलंच नव्हतं. मला मायचा राग येत होता, अजूनही येतो, आणि त्याच वेळी तिला पोटाशी धरावं असंही वाटत होतं. मी दोन्हीतलं काहीच केलं नाही, उभी राहिले. दुपार कलली. मासा हळूहळू कुशीवर झाला. बाबा म्हणाले, "झालं आता. हात काढ."

तिनं हात काढला नाही. टाकीकडे पाहतच ती बाबांना म्हणाली, "दवाखान्यात तो मले भाकर मांगत होता. चतकोर दे म्हने, माय. तोंडानं काईच देऊ नका, असं डाक्टरनं सांगतलं होतं, म्हणून मी नाई देल्ली. डाक्टरचं आयकलं. देवाचं आयकलं. माह्या लेकराचं मी कवा आयकाव?"

बाबांनी वाकून टाकीची मोटर बंद केली.