जर्मनी की नेदरलँड्स, हे मेधाताईनं सांगितलं नाही

मेधाताई गेल्याचं कळलं तेव्हा मी सिंगापूरच्या चांगी बिझनेस पार्कमधल्या आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये जेवत होते. आई सहसा दुपारी फोन करत नाही. "मेधाच्या भावाचा पुण्याहून फोन होता," ती म्हणाली, "पहाटे... झोपेतच गेली गं." मी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. "बरं" का म्हणाले, मला अजून कळलेलं नाही. मेधाताई आपल्या वडिलांच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी थोड्या दिवसांकरता पुण्याला गेली होती. परत आली की आम्ही दोघी बसून ठरवणार होतो, मी पीएचडीला जर्मनीला जायचं की नेदरलँड्सला. दोन्हीकडून बोलावणं आलं होतं. महिनाअखेरीला उत्तर द्यायचं होतं.

टॅम्पिनीसच्या आमच्या फ्लॅटमधली एक खोली तिनं भाड्यानं घेतली होती. इथल्या एका विद्यापीठात ती पाणी शुद्ध करण्यावर संशोधन करायची. त्याआधी मास्टर्स जर्मनीत आणि पीएचडी नेदरलँड्समध्ये केलेली. मी कमी बोलते. शाळा इथलीच, सगळी इंग्रजीतून, आणि तिथेही मी गप्पच असायचे. मेधाताई मला मौनीबाई म्हणायची. "मौनीबाई, आज किती शब्द खर्च झाले?" असं विचारत ती जेवायच्या टेबलाशी बसायची आणि मग तिच्या दोन देशांच्या गोष्टी सुरू व्हायच्या.

जर्मनीतल्या पहिल्या लेक्चरची गोष्ट मी तिला पुन्हा पुन्हा सांगायला लावायचे. वेळापत्रकात दहा लिहिलेलं. ही आधीच जाऊन पहिल्या बाकावर बसली. दहा वाजले तरी कुणी नाही. आपण चुकीच्या खोलीत आलो असं वाटून ती शेजारच्या, माणसं दिसत होती त्या हॉलमध्ये शिरली आणि झाडांना लागणाऱ्या किडीवरचं आख्खं लेक्चर ऐकून आली. तिथे लेक्चर लिहिलेल्या वेळेनंतर पाव तासानं सुरू होतं. सगळ्यांना ते माहीत असतं, म्हणून कुणी कुणाला सांगत नाही. "मग उठून बाहेर का नाही आलीस?" मी विचारलं. "अगं, मधून कशी उठणार? आणि शेवटी सगळे बाकं वाजवायला लागले! मला वाटलं, सरांवर चिडले. ती त्यांची टाळी होती म्हणे." मी पोट धरून हसले. इतकी बोलकी बाई मधून उठू का शकली नाही, हा प्रश्न मात्र तेव्हा मला पडला नाही.

जर्मनीत हजेरी नाही, परीक्षेला नाव आपणच नोंदवायचं, वर्षभर कुणी काही विचारत नाही. पीएचडीच्या गाइडला जर्मन भाषेत 'डॉक्टर-बाप' म्हणतात आणि प्रबंधाला गुण देणाऱ्यांत तो स्वतःही असतो, हे ऐकून बाबा खूश झाले. "हे बरं आहे. धाकात राहील."

"काका, धाकासाठी तुम्ही पुरेसे आहात की!"

नेदरलँड्समध्ये तिनं पहिल्या दिवशी प्रोफेसरांना "सर" म्हटलं, तर ते मागे वळून बघायला लागले, कोण आलंय म्हणून. तिथे त्यांना नावानं हाक मारायची. पीएचडी करणारा म्हणजे पगारी नोकर, आणि दर आठवड्याच्या मीटिंगमध्ये गप्प बसलात तर विचारणार, तुला यातलं काय पटलं नाही? "कॅनॉट लाह," मी म्हणाले, म्हणजे आमच्या इथल्या इंग्रजीत 'नाही जमायचं'. मनात जर्मनी पक्कं होत होतं. शेवटच्या बाकावर बसायचं, आपलं काम करायचं. पण "तू असतीस तर कुठे गेली असतीस?" असं विचारलं की ती आईकडे वळून म्हणायची, "काकू, आमटी फक्कड झालीये." इतकं सगळं सांगणारी ही बाई एवढंच का सांगत नव्हती?

ती गेल्यानंतरच्या आठवड्यात नेदरलँड्सहून आनेकेचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे पीएचडीच्या शेवटच्या जाहीर परीक्षेत उमेदवाराच्या सोबतीला दोन मित्र उभे असतात, अगदी समारंभाच्या पोशाखात. मेधाताईच्या सोबत उभ्या राहिलेल्यांपैकी आनेके एक. ती म्हणाली, "मेधा पहिलं वर्षभर मीटिंगमध्ये एक शब्द बोलली नाही. आम्हाला वाटायचं, आम्ही तिला आवडत नाही." मी विचारलं, "आपण एकाच मेधाबद्दल बोलतोय ना?" आनेके हसली, आणि मग तिला रडू आलं. परीक्षेतही एका प्रश्नावर मेधाताई इतका वेळ गप्प राहिली होती, की लोक खुर्च्यांत चुळबुळ करायला लागले. आनेकेनं हळूच विचारलं, पाणी हवं का? तिनं मानेनंच नको म्हटलं आणि परीक्षकांना म्हणाली, "मला माहीत नाही. पण शोधायला आवडेल."

"मी कुठे जावं, याबद्दल ती काही बोलली होती?" मी शेवटी विचारलंच.

"मीही तिला विचारलं होतं. म्हणाली, मी सांगितलं तर ती मुलगी मुकाट्यानं ऐकेल. म्हणून सांगणार नाही."

आनेकेनं आणखी एक सांगितलं. त्या पहिल्या वर्षानंतर मेधाताई प्रत्येक मीटिंगच्या आधी दार लावून आपलं म्हणणं मोठ्यानं बोलून बघायची, आणि ती सवय पुढेही सुटली नाही. सकाळी तिच्या खोलीतून आवाज यायचा, आणि आम्ही तिघंही समजायचो, पुण्याला फोन चाललाय...

मी नेदरलँड्सला होकार कळवला. मेधाताईला तेच हवं होतं असं म्हणणार नाही. ते मला माहीत नाही. जर्मनीत मला कुणी काही विचारणार नव्हतं, आणि तेवढ्यासाठीच मी तिथे निघाले होते, इतकं कळलं. बाबा दोन दिवस "जर्मनी ते जर्मनी" म्हणत होते. मी जेवताना त्यांना कारण सांगितलं, पूर्ण वाक्यांत. आईच्या हातातला डाव तसाच राहिला.

मेधाताईच्या भावानं तिचं सामान नेलं. खोली आईनं अजून कुणाला दिलेली नाही. सोमवारी तिकडच्या लोकांबरोबर माझी पहिली ऑनलाइन मीटिंग आहे. प्रोफेसरांच्या आराखड्यातली एक गोष्ट मला पटलेली नाही. काल सकाळी मी त्या खोलीत गेले, दार लावलं, आणि रिकाम्या पलंगाकडे तोंड करून प्रोफेसरांना नावानं हाक मारली. तिसऱ्यांदा नीट जमली. बाहेरून आई म्हणाली, "कुणाचा फोन आहे गं?"

"फोन नाही, आई," मी आतूनच मोठ्यानं म्हणाले, "बोलायची प्रॅक्टिस करतेय."