पाया गुणिले उंची

माझ्यावर सगळ्यात मोठे उपकार आबांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे. मी लातूरला कॉलेजात असताना ते अहमदपूरच्या स्टँडवर जाऊन सकाळच्या एसटीत माझा डबा ठेवत आणि मग रानात जात. अंगात ताप असला तरी त्यात खंड पडला नाही. घरातला पहिला पदवीधर मी झालो तो त्या डब्यांवर. आता नांदेडला एका शाळेत गणित शिकवतो.

गेल्या वर्षी चुलते वारले. या उन्हाळ्यात आबा आणि चुलती यांच्यात रानाची वाटणी निघाली. सातबाऱ्यावर सगळं रान एकत्रच. वरचा भाग काटकोनी, खालचा ओढ्याच्या कडेने एका अंगाला कललेला, मधे धुरा, म्हणजे बांध. गावातल्या दोन जाणत्यांनी दोरी धरून दोन्ही भागांच्या चारी बाजू मोजल्या. सारख्या भरल्या. वरचा भाग आबांना, खालचा चुलतीला, असं ठरलं.

"भावजी, माझ्याकडं रान लई कमी दिसतंय," चुलती म्हणाली.

"चारी बाजू सारख्या हायत. अजून काय पायजे, पाचवी बाजू?" एक जाणता म्हणाला. सगळे हसले.

"भावजी, तुमचा पोरगा मास्तर हाय. त्याला इचारा की."

आबांनी अभिमानाने माझ्याकडे पाहिलं. "सांग रं."

त्या अभिमानाचीच मला भीती वाटली. आठवीची मुलं दरवर्षी हीच चूक करतात. कललेल्या चौकोनाच्या दोन बाजू गुणून मोकळी होतात. मी फळ्यावर लिहितो, क्षेत्रफळ म्हणजे पाया गुणिले उंची. आणि उंची म्हणजे तिरकी बाजू नव्हे, पायावर काटकोनात उभी रेषा. इथे फळा नव्हता. रानातल्या गोठ्यात दोर काढलेली एक खिळखिळी बाज होती. ती मी सगळ्यांसमोर आडवी टाकली आणि कोपरा धरून तिरकी दाबली.

"लाकडं तेवढीच हायत. पण आता हिच्यात माणूस मावंल का?"

मग टेप लावून मी खालच्या भागाची उंची मोजली. चुलतीचं रान बरंच कमी भरलं. धुरा आबांच्या बाजूला सरकवावा लागणार होता.

"ह्याच्यासाठी शिकिवलं व्हय तुला?" आबा एवढंच बोलले आणि घराकडे चालू लागले.

तेव्हापासून ते माझा फोन उचलत नाहीत. वाटणीच्या कागदावर त्यांची सही राहिली आहे. पेरणी तोंडावर आली. चुलतीला दोन मुली, आणि दुसरं रान नाही. हल्ली वर्गात ते सूत्र लिहिताना मला ती बाज आठवते. शेवटी पत्र पाठवलं.

"आबा,

काकूंचा फोन आला होता. 'घरात भांडण नको, आहे तेवढं रान पुरे,' म्हणाल्या. मी हो म्हणालो नाही.

चारचौघांत तुम्हाला खाली बघायला लागलं, याचं मला फार वाईट वाटतं. आधी तुम्हाला बाजूला घेऊन सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं हेच. पुढे माझ्या वाट्याला येणाऱ्या रानातून काकूंना द्यायची ती पट्टी गेली असं समजा. मला कमी चालेल.

शनिवारी येतो. नवा धुरा आखायला टेपचं एक टोक मी धरीन. दुसरं तुम्ही धरा. गावातल्या कुणाला मी बोलावणार नाही."