मांडीवरची घड्याळं

अक्कलकोट रोडवर एका सकाळी मोटारीची वेग दाखवणारी तबकडी माझ्या मांडीत येऊन पडली. आपटली नाही, पिकलेलं फळ देठ सोडतं तशी अलगद सुटली. काचेमागचा काटा हलतच होता आणि मागची लांब तार समोरच्या फळीतल्या भोकात गेलेली होती. मी ती तबकडी ओंजळीत धरली. तिच्यात बारीक थरथर होती, हातात चिमणीचं पिल्लू घेतल्यावर जाणवते तशी.

यांनी मोटार कडुलिंबाखाली थांबवली आणि वाकून फळीकडे पाहिलं.

"वाकली," हे म्हणाले. "उन्हानं पार पिळून काढलं तिला."

हे डॉक्टर. गिरणीच्या चाळींजवळ यांचा दवाखाना होता. गिरणीतला एक गोरा मास्तर विषमज्वरानं अंथरुणाला खिळला होता, त्याला यांनी बरं केलं. कायमचा विलायतेला जाताना तो आपली जुनी स्पोर्ट्स मोटार आमच्या दारात सोडून गेला. हिरवी, बुटकी, लांब नाकाची, दोनच माणसं बसतील अशी. थंडीच्या दिवसांत ती आली तेव्हा तिचा डॅशबोर्ड आरशासारखा चमकत होता. वर अक्रोडाच्या लाकडाचा पातळ पापुद्रा, आत सरसानं चिकटवलेले साध्या लाकडाचे पदर. त्यात गोल गोल तबकड्या बसवलेल्या: वेगाची, तेलाची, विजेची, आणि एक खरं वेळ दाखवणारं घड्याळ. मी सगळ्यांनाच घड्याळं म्हणत असे.

आम्ही मोटार पत्र्याच्या छपरात ठेवत होतो. चैत्र लागला आणि छपराखालची हवा भट्टीसारखी झाली. फळीच्या मधोमध पोट आलं, डावं टोक वर उचललं गेलं, आणि घड्याळं एकेक करून आपली जागा सोडू लागली.

यांनी फळी काढली आणि पेशंटला तपासावं तशी उलटसुलट पाहिली. मग ओल्या गोणपाटात गुंडाळून ओसरीवर ठेवली, तिच्यावर पाटा ठेवला आणि पाट्यावर ज्वारीचं पोतं. सासूबाई दारातून बघत होत्या. सासरे गेल्यावर त्या करमाळ्याकडच्या गावाहून आमच्याकडे राहायला आल्या होत्या. मोटार त्यांना पसंत नव्हती. अंगणातून जाताना तिच्याकडे पाठ करून, पदर सावरून जायच्या.

"ज्वारी काय फळ्या दाबायला आनलीया व्हय?" त्या म्हणाल्या.

"चार दिवस, आई," हे म्हणाले.

तोवर रोग्यांना थांबा म्हणून कसं सांगणार? त्यामुळे घड्याळं लोंबत असतानाच मोटार बाहेर काढावी लागली. यांनी मला शेजारी बसवलं, मांडीवर जुना टॉवेल घातला आणि सगळ्या तबकड्या त्यावर मांडल्या. तारा आणि तेलाची तांब्याची बारीक नळी माझ्या गुडघ्यांवरून आत गेलेल्या.

"तेलाचा काटा खाली आला तर लगेच सांग," हे म्हणाले. "आणि वेग सांगत राहा."

त्या दिवसांत मी रस्ता जवळजवळ पाहिलाच नाही. हे कुंभारीकडच्या, होटगीकडच्या वस्त्यांवर रोगी बघायला जात आणि मी मांडीकडे बघत बसे. चढ आला की तेलाचा काटा किंचित दबे. खड्डा आला की विजेचा काटा दचकून मागे जाई. डोळे न उचलताही मला कळे, की आता मोकळं माळरान लागलंय, आता गाडीवाट आली, आता झाडांची सावली चाललीय, कारण काचांवरून काळे-पांढरे पट्टे सरकत जात. दुपारी परतताना सगळं आभाळ पांढरं झालेलं असे. गिरणीजवळ आलो की कापसाची तूस हवेत तरंगताना दिसे, ती घड्याळांवर येऊन बसे, आणि मी बोटानं हळूच पुसून काढी. माझ्या लुगड्याला तेलाचा वास लागला होता, तो कितीही धुतलं तरी जाईना. खरं सांगायचं तर तो जावा असं मला वाटतही नव्हतं.

एकदा होटगी रोडवर यांनी मोटार थांबवली आणि खाली उतरले.

"सरक इकडे," हे म्हणाले. "तुला आतलं सगळं कळतंच आहे. आता बाहेरचं बघ."

मी मोटारीच्या चक्रापाशी बसले; पाय कुठं ठेवायचा, दांडा कसा ओढायचा ते यांनी दोन-तीनदा दाखवलं. घड्याळं यांच्या मांडीवर गेली. हे स्वतः फार जपून चालवत, बैलगाडीलाही वाट देत. मी पाय दाबला आणि मोटारीनं जणू इतके दिवस धरून ठेवलेला श्वास सोडला. दोन्ही बाजूंची शेतं पातळ होऊन मागे वाहू लागली. हे वेगाचे आकडे वाचत होते. आधी मोठ्यानं, मग हळू आवाजात, मग गप्पच झाले.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. काटा बघतोय," हे म्हणाले.

इकडे फळीचं काही चांगलं झालं नाही. पोत्याखालून काढली तेव्हा सरळ दिसली. दोन दिवस ऊन खाल्लं आणि चिरोट्यासारखे तिचे पदर सुटले. हे ती हातात घेऊन ओसरीवर बसून राहिले. सासूबाई आतून आल्या, त्यांनी एक पदर नखानं सोलून पाहिला.

"ह्ये लाकूड न्हाय, कागद हाय," त्या म्हणाल्या. आणि जराशानं, दुसरीकडेच बघत, "छकड्याची फळी हाय की गावाकडं. तुज्या बापाच्या."

यांनी मान वर केली. "आई, ती कशी घ्यायची?"

"कशी म्हंजी? छकडा मोडून पडलाय. फळी भितीला टेकून हाय. सागवान हाय, लई उनं-पावसाळं बघितल्यात तिनं. आता काय वाकायची ऱ्हायली न्हाय."

गावाकडं राहणाऱ्या माझ्या दिरांनी उतारूंच्या सर्व्हिस मोटारीच्या टपावर बांधून फळी पाठवली. यांनी ती रंधून पातळ केली. निरनिराळ्या वाट्या पालथ्या ठेवून मी गोल आखून दिले, आणि शाळेतल्या सुतारकामाच्या मास्तरांकडून आणलेल्या बारीक करवतीनं यांनी भोकं पाडली. एक भोक मोठं झालं. तिथं विजेची तबकडी घोंगडीच्या पट्टीत गुंडाळून बसवली. जवसाचं तेल लावायला मात्र सासूबाईंनी कुणाला हात लावू दिला नाही. ओसरीवर पाय पसरून बसल्या, फडक्यानं तेल जिरवत राहिल्या आणि माझ्याशी बोलू लागल्या. लग्न झाल्यावर सासऱ्यांनी त्यांना याच छकड्यातून घरी आणलं होतं. वऱ्हाडाच्या बाकीच्या गाड्या मागं धुरळ्यात राहिल्या. बरोबरच्या म्हाताऱ्या ओरडत होत्या, पण सासऱ्यांनी कासरा सैल सोडला तो सोडलाच.

"तुम्हाला भीती नाही वाटली?" मी विचारलं.

"वाटली की. पर डोळं न्हाईत मिटलं," त्या म्हणाल्या. त्यांचा हात थोडा वेळ फळीवर तसाच राहिला. "त्येच्या फुडं तसं कंदी पळालोच न्हाय. संसार लागला मागं."

फळी बसली. अक्रोडासारखी चमकत नव्हती. गडद, शांत दिसत होती. पुढच्या उन्हाळ्यातही ती जागची हलली नाही.

फळी बसवल्यावर पहिल्याच दिवशी, सकाळी ऊन तापायच्या आत, हे सासूबाईंना म्हणाले, "चला आई, तळ्यापर्यंत फिरवून आणतो."

सासूबाई मोटारीभोवती एक चक्कर मारून आल्या. मग म्हणाल्या, "तू नगं. तू लई सावकास चालवतूस म्हनं. सूनबाईला येऊ दे."

हे माझ्याकडे बघतच राहिले. ते मी कधी बोलून गेले होते मला आठवेना. मग हे हसले, दार उघडून धरलं आणि आईचा हात धरून त्यांना आत बसवलं. दोघांचीच मोटार; हे अंगणात राहिले.

आम्ही तळं मागं टाकलं, वस्ती मागं टाकली. सासूबाईंनी एक हात फळीवर टेकवला होता. वाऱ्यानं पदर डोक्यावरून उडाला, तो त्यांनी पुन्हा घेतला नाही. मी वेग वाढवला तेव्हा त्या जरा पुढं झुकल्या. त्यांचे डोळे उघडे होते आणि वाऱ्यानं पाणावले होते.

पुढं एका वळणावर मेंढरांचा मोठा कळप रस्ता ओलांडत होता. मी मोटार बंद केली. धुळीतून मेंढरं येत राहिली आणि आमच्या दोन्ही अंगांनी वाहत गेली, इतकी जवळून की त्यांची लोकर पत्र्याला घासल्याचा आवाज येत होता. कळपामागून काठी टेकत एक धनगर आला आणि थांबून आमच्याकडे बघू लागला.

"कुटनं आलासा?" सासूबाईंनी त्याला विचारलं.

"सांगोल्याकडनं, आक्का. तुमी कुटं निगालासा?"

सासूबाईंनी समोर पाहिलं. रस्ता दूर जाऊन उन्हात विरघळला होता.

"आमी कुटंच न्हाय," त्या म्हणाल्या. "उगंच आलोय."

धनगरानं मान हलवली आणि कळपामागं निघून गेला. धूळ हळूहळू खाली बसत होती. आम्ही दोघी तशाच बसून राहिलो. घरी परतायचं कुणीच म्हणालं नाही.